शब्दाच्या घरी दोन पाय

मी एक जुनी ठिकरी आहे, मित्रांनो. ठिकरी म्हणजे फुटक्या कवेलूचा, छपरावरच्या कौलाचा, तळहातात मावेल एवढा तुकडा. जमिनीवर चौकोन आखून पोरी लंगडी खेळतात ना, त्या चौकोनांत जी टाकतात ती मी. तुम्ही म्हणाल, हिची कसली आली जीवनकहाणी! पण ऐकून तर घ्या. मी कितीतरी पोरांना चांगले इंग्रजी बोलायला शिकवले आहे, आणि मला स्वतःला इंग्रजीतले ओ की ठो कळत नाही.

सानगडीजवळच्या एका कुंभाराच्या भट्टीत मी भाजली गेले आणि तिथून आमच्या गावच्या शाळेच्या छपरावर चढले. आम्ही देशी कवेलू, अर्धगोल. समोरच्या घरावर इंग्रजी कवेलू होते, चपटे आणि नंबरी. ते आमच्याकडे बघून नाक मुरडत. वानरांनी मात्र दोघांनाही सारखेच तुडवले. पुढे शाळेवर टिनाचे पत्रे आले. आम्हाला खाली उतरवले, तेव्हा मी फुटले. दोन वर्षे शाळेच्या मागे तरोट्याच्या झुडपांत पडून होते. ज्या लेकरांना अठ्ठावीस वर्षे सावली दिली, त्यांच्यातले कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग एके दिवशी सहावीतल्या डिंपलने मला उचलले. दगडावर घासघासून माझ्या कडा गुळगुळीत केल्या. त्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीची राणी झाले.

खेळाचा नियम सोपा. मला चौकोनात टाकायचे आणि एका पायावर उड्या मारत जायचे. जो डाव जिंकेल, त्याने एक चौकोन आपले घर म्हणून राखायचा. आपल्या घरात दोन्ही पाय टेकवून दम खाता येतो. दुसऱ्याच्या घरात पाय पडला की बाद.

त्या वर्षी शाळेत सरिता मॅडम इंग्रजी शिकवायला आल्या. बाई हुशार, पण एका गोष्टीने जेरीस आल्या होत्या. इंग्रजीत शब्दाच्या एका तुकड्यावर आवाजाचा भार पडतो, बाकीचे तुकडे हलके बोलायचे. हा भार चुकला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखूच येत नाही. मॅडमनी टाळ्या वाजवून शिकवून पाहिले. पोरांनी भजनाला वाजवाव्यात तशा एकसारख्या टाळ्या वाजवल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला.

शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या रंभाबाई होत्या. जिभेने फटकळ, मनाने मऊ. एका दुपारी डिंपल खेळता खेळता मैत्रिणीच्या घरात धपकन दोन्ही पायांवर उतरली. रंभाबाई हातातला खिचडी ढवळायचा सराटा घेऊनच बाहेर आल्या.

"दुसऱ्याच्या घरात दोन पाय काहून टेकवून राहिली वो? जेथं घर असन तेथंच टेकवाचे. बाकी जागी लंगडी."

मॅडम ओट्यावर डबा खात बसल्या होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. पुढच्या तासाला त्यांनी सगळी पोरे अंगणात काढली आणि खडूने चौकोन आखले. शब्दाचे जितके तुकडे तितके चौकोन, त्यातला एक शब्दाचे घर. इतर चौकोनांत लंगडी आणि हलका आवाज, घरात दोन्ही पाय आणि भरला आवाज. 'परमिशन'चे घर मधले, 'टायगर'चे पहिले. 'हॉटेल'ला सगळी पोरे पहिल्याच चौकोनात दोन पायांवर उतरली आणि सगळी बाद झाली. त्याचे घर दुसरे निघाले. साकोलीच्या स्टँडवरच्या हॉटेलांच्या एकाही पाटीने हे कधी सांगितले नव्हते.

रंभाबाई हसून म्हणाल्या, की इंग्रजांच्या शब्दांनाही घरदार असते हे आजच कळले. मी चौकोनामागून चौकोन फिरत होते. महिनाभरात पोरे तोंडाने बोलण्याआधी पायाने बोलू लागली. काही पालक कुरकुरले, की शाळेत नुसत्या उड्या चालल्या आहेत. मॅडमनी त्यांना अंगणात बोलावून त्यांच्या पोरांचे वाचन ऐकवले. कुरकुर थांबली. धन्य ती मॅडम, आणि तिच्याहून धन्य ती खिचडीवाली!

पण रंभाबाईंच्या घरी एक दुःख होते. त्यांची मुलगी रत्नमाला तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली. लहानपणापासून बापाबरोबर मोह वेचायला रानात जायची. चितळ कोणत्या आवाजाने ओरडले म्हणजे वाघ जवळ आहे, हे तिला डोळे मिटून कळे. जंगलात पाहुण्यांना फिरवणारी गाईड व्हायचे, एवढेच तिचे स्वप्न. मागच्या वर्षी ती निवडीला गेली होती. परीक्षा घेणाऱ्यांनी तिच्यासोबत एका परदेशी बाईंना जिप्सीत, जंगल फिरवायच्या उघड्या गाडीत, बसवले. रत्नमाला इंग्रजीतून भरभरून बोलली. त्या बाई दर वाक्याला नम्रपणे "सॉरी?" म्हणत राहिल्या. तिसऱ्या 'सॉरी'ला पोरीचा आवाजच बसला. घरी आली ती इंग्रजीचे पुस्तक ट्रंकेत टाकून. यंदा पुन्हा निवड होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी होती.

एका संध्याकाळी रंभाबाई तिला शाळेच्या अंगणात घेऊन आल्या. मॅडम आणि डिंपल थांबलेल्याच होत्या. रत्नमालाने चौकोन पाहिले आणि मागे सरली.

"माय, मी तेवीस वर्साची आहो. लेकराइसोबत उड्या मारू का आता?"

"मार न. कायले लाजून राहिली? हासणाऱ्याइले हासू दे. येथं हासतीन, पण तिकडं तुले कोणी सॉरी नाही म्हणणार."

रत्नमालाने ओढणी कमरेला खोचली आणि मला पहिल्या चौकोनात टाकले. मित्रांनो, त्या संध्याकाळचा तो पहिला लंगडता 'परमिशन' मी विसरणार नाही. तळ्याकडून परतणारी माणसे कुंपणाशी थांबून हसली. रत्नमाला दोनदा पडली, गुडघा खरचटला. डिंपल तिला मास्तरणीसारखी दटावायची आणि ती मुकाट पुन्हा उडी मारायची. सव्वा महिना एकही संध्याकाळ चुकली नाही. मी अठ्ठावीस पावसाळे छपरावर काढले, पण अशी चिकाटी पाहिली नाही. शेवटी शेवटी हसणारीच माणसे कुंपणाशी उभी राहून पुटपुटू लागली, "टायगर, टायगर."

परीक्षेच्या दिवशी तिने मला कुर्त्याच्या खिशात टाकले. जिप्सी जंगलात शिरली. या वेळी बाई दुसऱ्या होत्या, वयस्क, पांढऱ्या केसांच्या. परीक्षा घेणारे साहेब पुढे बसून लिहीत होते. रत्नमालाचा श्वास खिशातल्या मलाही जाणवत होता. तिने चपला हळूच काढल्या. जिप्सीच्या तळावर तिचा एक पाय उचलला गेला, टेकला, मग दोन्ही टेकले. ती बोलू लागली. चितळ, मोर, रानगवे, झाडावरचे नखांचे ओरखडे. बाई ऐकत होत्या. मी 'सॉरी'ची वाट पाहत जीव मुठीत धरून बसले होते.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

तेवढेच झाले. प्रश्न काय होता ते मला कळले नाही, पण ज्याचे बोलणे समजते त्यालाच माणूस पुढचे विचारतो, एवढे मला कळते. मग आणखी एक प्रश्न आला, आणखी एक. साहेबांचे लिहिणे थांबले होते, तेही ऐकत होते.

उतरताना बाईंनी तिचे नाव विचारले आणि ते म्हणायला गेल्या. 'रत्नमाला'चे असे काही कडबोळे झाले, की ड्रायव्हर फिसकन हसला. रत्नमाला हसली नाही. तिने बाईंच्या समोर चार बोटे धरली आणि एकेक बोट दुमडत नाव सावकाश म्हणून दाखवले. बाई चुकल्या, पुन्हा चुकल्या. ती थांबून राहिली. पाचव्यांदा नाव बरोबर आले, तेव्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी होते.

रत्नमाला आता गाईड आहे. खाकी शर्टावर तिच्या नावाची पट्टी आहे. मी शाळेच्या खिडकीत असते आणि डिंपलनंतरच्या पोरी मला खेळायला नेतात. मला जपा असे मी सांगणार नाही. कवेलू पुष्कळ फुटतात, दुसरी ठिकरी मिळेल. पण मित्रांनो, दुसऱ्याच्या भाषेत प्रत्येक जण लंगडीच घालत असतो. तुमच्यापुढे कोणी अडखळला तर कुंपणापाशी उभे राहून हसू नका. त्याचे दोन्ही पाय टेकेपर्यंत थांबा.