पाच फक्त अल्लाला

लावाली रविवारी दुपारी आला तेव्हा मी शेंगदाण्याचं वाटण रगडत होते. कोपरापर्यंत तेल. तेल वर यायला लागलं की हात काढता येत नाही, नाहीतर सगळी घाणी वाया जाते. म्हणून पाहुणा उभा आणि मी बसलेली.

"गोग्गो, तब्येत?" लावालीच्या बापाची मी चुलत बहीण, म्हणून गोग्गो, म्हणजे आत्या.

"बरी."

"काम?"

"चाललंय."

"उकाडा?"

"सोसतोय. तू बूट काढ आणि चटईवर बस. इतक्या लांबून कुणी नुसतं उकाड्याचं विचारायला येत नाही."

लावाली राजधानीत मुर्याच्या कचेरीत नोकरीला आहे. मुर्या म्हणजे आवाज. खरं नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे मुर्याच म्हणतात. समुद्रापलीकडच्या एका देशातल्या लोकांच्या करावर हे रेडिओ स्टेशन चालतं आणि रोज सकाळी साडेसहाला तासभर आमच्या हौसा भाषेत बोलतं. डाकोरोच्या उत्तरेला, जिथे रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथे माझ्या पत्र्याच्या पेटीवरच्या रेडिओत ते ऐकू येतं.

आणि मी त्या स्टेशनचा कान आहे. चौदा वर्षं. रोज ऐकायचं आणि तक्ता भरायचा. पाच रकाने: आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनची घुसखोरी, खरखर, चढउतार, आणि एकूण. प्रत्येक रकान्यात एक ते पाच गुण; खरखर, घुसखोरी जितकी कमी तितके गुण जास्त. एक म्हणजे काहीच कळत नाही, पाच म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. महिन्याचे तक्ते ट्रकवाल्याबरोबर माराडीच्या पोस्टात जातात. बदल्यात सेलचं खोकं आणि वर्षाला एक कॅलेंडर. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती मुर्याच्या साक्षरतेच्या धड्यांवर, वाळूत बोट फिरवून.

लावालीनं पिशवीतून नवा तक्ता काढला. "हा खास आहे. उद्यापासून एकच आठवडा. रविवारी मी स्वतः घेऊन जाणार, पोस्टाची कटकट नाही."

"का?"

"वरच्यांनी ठरवलंय, रेडिओवरची ही शॉर्टवेव्ह बंद करायची. आता सगळं फोनवर."

"फोनवर! गावात नेट कुठे येतं ठाऊक आहे ना? मुखियाच्या चिंचेवर. तिसऱ्या फांदीवर."

"मग चढायचं."

"तू चढ. ह्या बुटांनी."

"थट्टा नको गोग्गो. तिकडे त्यांच्या लोकांना विचारल्याशिवाय बंद करता येत नाही. पण आवाजच पोचत नाही असं कागदावर दिसलं की कोण हरकत घेणार? तू फक्त दोन-दोन लिही. पुढे ह्या भागात फोनवरची मुर्या शिकवायला माणूस लागेल, तिथे तुझंच नाव घालतो. फोनही देतील."

"म्हणजे खोटं लिहू."

"खोटं कसलं? चौदा वर्षं तीनच लिहीत आलीस. एक कमी, एवढंच."

त्यानं एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर एक आडवी रेघ होती, मेलेल्या सापासारखी सरळ. इथपासून चाडच्या तळ्यापर्यंत मुर्याचे आम्ही बारा कान. बाराही जणांचे चौदा वर्षांचे आकडे. तीन, तीन, तीन. क्वचित कुठे चार.

"ह्यावरून ते काय म्हणतात माहीतय?" लावाली म्हणाला. "जेमतेम. जेमतेम ऐकू येणाऱ्या स्टेशनवर कोण खर्च करणार? तुम्हीच लिहून दिलंय."

माझे हात वाटणात थांबले. घाणी वाया गेली, जाऊ दे.

कारण तो खरं बोलत होता. आमच्याकडे कुणी 'उत्तम' म्हणत नाही. बाजरी कणगीबाहेर सांडली तरी "बरंय". पोर गुटगुटीत झालं तरी "रोडच आहे बिचारं". जे पूर्ण आहे ते अल्लाचं, आणि दृष्ट लावायला लोक टपलेलेच असतात. मुर्या रोज सकाळी खणखणीत ऐकू यायची, आणि तिला दृष्ट लागू नये म्हणून मी तीन लिहायचे. पाच? पाच फक्त अल्लाला. बाकीच्या अकरा जणांनीही तेच केलं, एकमेकांना न विचारता. आणि तिकडे काचेच्या खोलीत बसलेल्या कुणीतरी त्या तीनचा अर्थ तीन असाच लावला.

दृष्ट लागलीच शेवटी. माझ्याच आकड्यांची.

"बरं," मी म्हणाले. "तक्ता ठेव. आणि आठवडाभर आईकडे राहा. रोज सकाळी माझ्याबरोबर ऐकायला यायचं."

"मी कशाला?"

"कचेरीचा माणूस ना तू? तुझ्यासमोर भरते. मग कुणी बोट दाखवणार नाही."

त्याला वाटलं म्हातारी वळली. वाटू दे.

तक्त्याच्या पाठीवर नियम छापलेले असतात. मला ते पाठ आहेत, कारण फुकट मिळालेलं वाचायचं सोडायची माझी ऐपत नाही. एक नियम असा: साध्या रेडिओवर, साध्या जागी ऐका. दुसरा असा: खरंच ऐकल्याचा पुरावा म्हणून कार्यक्रमातला तपशील शेऱ्यात लिहा. शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा. मी सिमेंटच्या गोणीचा तपकिरी कागद कापला आणि तक्त्याला खळीनं चिकटवला. जागा झाली.

सोमवारी रेडिओ विहिरीवर नेला. गुरं पाण्याला आलेली, फुलानी जमातीचे गुराखी दोर ओढत होते. सोमवारी मुर्यावर बाजारभाव असतात. माणूस एकेका बाजाराचं नाव घेत गेला आणि विहिरीवरचे दोर एकेक करून थांबले. गुरांचा दलाल तिथेच झाडाखाली गादो गुराख्याच्या बैलाची किंमत पाडत बसला होता. सीमेपलीकडचा चढा भाव ऐकला आणि गादोनं बैलाची शेपटी दलालाच्या हातातून सोडवली.

"बैल थकलाय म्हणालास ना?" गादो म्हणाला. "बरोबर आहे. तुझं ऐकून ऐकून थकलाय."

दलाल माझ्यावर खेकसला, "बाई, तो डबा बंद कर!"

"का? नीट ऐकू येतंय वाटतं?"

तेवढंच हवं होतं. शेऱ्यात लिहिलं: विहिरीवर चाळीस माणसं, ऐंशी गुरं, सगळ्यांचा गलका, तरी दलालाला वीस पावलांवरून प्रत्येक आकडा कळला आणि तो चिडला. मग बिस्मिल्ला म्हणून पाचही रकान्यांत पाच लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा.

लावालीनं वाकून पाहिलं. "हे काय?"

"जे ऐकू आलं ते."

"गोग्गो, एका दिवसात तीनाचे पाच कसे झाले असं विचारतील."

"विचारू देत. उत्तर खाली लिहिलंय." लिहिलंच होतं: 'आम्ही पाच का देत नाही' म्हणून अर्धा कागद.

मंगळवार आरोग्याचा. लोहाराच्या भात्याजवळ ऐकलं. रेडिओवर सुईणबाई सांगत होत्या की साप चावला तर दोरी आवळू नका, हात हलवू नका, दवाखाना गाठा. तिथे गावचा न्हावी बसला होता. साप चावलेल्या प्रत्येकाला तोच दोरी आवळतो आणि कापून रक्त काढतो.

"ह्या बाईनं साप कधी बघितलाय का?" न्हावी भडकला.

लोहार कोसो भाता सोडून म्हणाला, "तिनं नसेल. माझ्या मेहुण्यानं बघितला होता. तू दोरी आवळलीस, त्याचा हात गेला. साप मात्र अजून धडधाकट आहे."

भांडण जुंपलं. भांडणातला प्रत्येक शब्द मुर्यावर आलेल्या शब्दाला धरून होता. तसंच लिहिलं. पुन्हा पाच.

बुधवारी वाळूचं वादळ आलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. रेडिओतून भुईमूग भाजल्यासारखा आवाज. नाटक होतं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं की नाही तेच कळेना, आणि बायका हळहळत उठल्या. लावाली मात्र खुलला.

"आता?"

"आता दोन." आणि मी दोन लिहिले. जोर दोन, खरखर एक.

"अरे वा! मग मी काय सांगत होतो?"

"तू सांगत होतास म्हणून नाही, ऐकू आलं नाही म्हणून. दोनाला दोन म्हणणारीच्या पाचावर विश्वास बसतो. एवढं राजधानीत शिकवत नाहीत का?"

गुरुवारी आभाळ निवळलं. त्या दिवशी मुर्या चालवणाऱ्या देशाच्याच कुठल्याशा मंत्र्याचं भाषण भाषांतर करून ऐकवलं: गरीब देशांशी आमचं नातं किती जुनं, किती घट्ट. शेरा लिहिला: आवाज पाच, शब्द न् शब्द कळला, तीन माणसं झोपली. बंद करायचंच असेल तर हे करा.

शुक्रवारी कायद्याचा सल्ला होता, विधवेच्या वाट्याच्या जमिनीचा. माझा वाटा दाबून बसलेल्या माझ्या दोन दिरांनी तो ऐकताना एकमेकांकडे पाहिलं आणि चहा अर्धा टाकून गेले. त्यावर मी वेगळं बोलेन, योग्य जागी.

शनिवारसाठी डेलाची पिठाची गिरणी ठरवलेली होती. शनिवारी मुर्यावर निरोप असतात. लिबियात, किनाऱ्यावरच्या शहरांत कामाला गेलेली आमची माणसं कुणाच्या तरी फोनवरून स्टेशनला निरोप बोलून ठेवतात, आणि मुर्या ते घरी पोचवते. डेलाचा नवरा लिबियाला जायला आठ महिन्यांपूर्वी वाळवंटात उतरला, त्यानंतर काहीही नाही. फोन लागत नाही. शेजारपाजारचे तिच्याशी हलक्या आवाजात बोलायला लागले होते, वारलेल्याच्या घरी बोलतात तसं. ती मात्र दर शनिवारी गिरणी बंद करून, रांगेतल्या बायकांच्या शिव्या खाऊन, तासभर ऐकायची.

बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. लावाली दारात उभा. निरोप येत होते. अमक्या गावच्या तमक्याला सलाम, बकरी विकू नका, मी येतो. मग दम लागल्यासारखा एक आवाज आला: "डेलाला सांगा, पट्टा सैल झाला असेल. डावीकडचा स्क्रू. मी जिवंत आहे, पाय मोडला होता, आता चालतो. पट्टा घट्ट कर."

कुणी ओरडलं नाही. डेला उठली. गिरणीच्या डाव्या बाजूला गेली, पाना घेतला आणि स्क्रू पिळायला लागली. पिळता पिळता म्हणाली, "आठ महिन्यांनी तोंड उघडलं आणि बोलला काय, तर पट्टा!" मग पाना टाकून जमिनीवर बसली आणि इतकं हसली की बायकांनी तिला धरलं.

लावालीनं तोंड फिरवलं. त्याचं लग्न डेलाच्या नवऱ्याच्या अंगणात झालं होतं. त्या माणसानं लहानपणी त्याला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं होतं.

"हे फोनवर ऐकू आलं असतं का रे?" मी विचारलं.

तो खाली पडलेला पाना उचलायला वाकला.

"तिसऱ्या फांदीवर?"

"गोग्गो, पुरे."

त्या दिवशीचा शेरा डेलानं सांगितला, मी लिहिला, तिनं पिठाचा अंगठा उमटवला: डावीकडचा स्क्रू. दोन शब्दांत पुरावा.

रविवारी पत्रांचा कार्यक्रम. शेवटी निवेदिका पत्ता सांगते, रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, शहर, देश. चौदा वर्षांत तो पत्ता गावात कुराण शिकवणाऱ्या आंधळ्या मालमलासुद्धा पाठ झालाय. कार्यक्रम संपल्यावर लावाली घरी जाऊन पिशवी घेऊन आला आणि त्यानं हात पुढे केला.

"तक्ता."

"गेला."

"कुठे गेला?"

"मिठाच्या ट्रकबरोबर. आत्ता टेकडीवर दिसतोय बघ. आजचे पाच लिहिले आणि ड्रायव्हरच्या हातात दिला. पत्ता पाकिटावर आहे. थेट तिथला, तुझ्या कचेरीचा नाही."

"मला द्यायचा होता!"

"तू वाटेत पाचाचे दोन केले असतेस."

"नसते केले," तो म्हणाला, आणि मग आपणच खाली बघितलं. "माहीत नाही. कदाचित केले असते. माझी नोकरी जाईल, कळतं तुला? तुझं नाव यादीतून काढतील."

"काढू देत. कान काढता येत नाही ना त्यांना." मी जास्तीचा कोरा तक्ता त्याच्यापुढे टाकला. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. तूही सात दिवस ऐकलंस. तुझे गुण तू लिही. मी बघत नाही."

मी घाणीकडे वळले. तो बराच वेळ पेन धरून बसला. तो तक्ता घेऊन निघून गेल्यावर पाहिलं तर कागदाखालच्या चटईवर आकड्यांचा ठसा उमटला होता. दोन लिहायला त्याचा हात धजला नाही, पाच लिहायला छाती झाली नाही. सगळीकडे तीन. हाडाचा आमचाच.

तीन महिन्यांनी मला पत्र आलं. आपला अहवाल ठरलेल्या नमुन्यात नसल्यामुळे आपली सेवा थांबवण्यात येत आहे, आभार. सेल नाहीत, कॅलेंडर नाही. त्याच आठवड्यात रविवारी निवेदिकेनं नवं वेळापत्रक वाचलं: शॉर्टवेव्ह चालू राहील, पण तासाऐवजी अर्धा तास. माझ्यामुळे राहिली असं मी म्हणणार नाही. अर्धा तास कुणी खाल्ला, ते मात्र मला माहीत आहे: आमच्याच तीनांनी. बाजारभाव आणि निरोप राहिले. कायद्याचा सल्ला गेला. मंत्र्याचं भाषण आहेच.

सेल आता मी तेल काढलेल्या वाटणाच्या तळलेल्या कुली-कुली विकून घेते. तक्ता रोज भरते आणि दर महिन्याला ट्रकबरोबर पाठवते. मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मला थांबवणाराही कुणी नाही. पहिले पाच रकाने त्यांचेच आहेत आणि मी त्यांत खरं लिहिते, बहुतेक दिवस पाच. सात वाजता आवाज मध्येच तुटतो. त्यासाठी त्यांच्या तक्त्यात रकाना नव्हता. तो सहावा मी पट्टीनं आखलाय. वर लिहिलंय 'घेतलेला अर्धा तास', आणि खाली रोज, न चुकता, शून्य.