किमरच्या हातचा पाव

ही गोष्ट १९५७ सालची. त्या वर्षी हेरिंग मासळीनं स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्याकडे जवळजवळ पाठच फिरवली होती, आणि बोटी धक्क्याला बांधलेल्या असल्या की पिटार्डीसारख्या गावात माणसांना व्याख्यानं ऐकायलासुद्धा वेळ मिळतो. एरवी लम्सडेन मास्तरांच्या व्याख्यानाला त्यांची बहीण आणि सभागृहाचा राखणदार एवढीच गर्दी असे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर जुन्या स्कॉट्स भाषेतले शब्द जमवत. त्या हिवाळ्यात त्यांनी 'किमर' हा एकच शब्द घेतला आणि त्यावर तीन बुधवार बोलायचं जाहीर केलं. गावाला गंमत वाटली, कारण गावात किमर म्हटलं की एकच बाई डोळ्यांपुढे येई, ती म्हणजे बंदरामागच्या गल्लीतली एफी टार्विट. जाळी विणायची, एकटी राहायची. गावातलं मूल बाप्तिस्म्याला चर्चमध्ये न्यायचं ते एफीनंच, असा शिरस्ताच पडला होता. निम्मं गाव तिच्या खांद्यावर ओकलेलं होतं.

पण त्या हिवाळ्यात एफी वाट बघत होती ती एकाच बाळाची. आई गेल्यावर आपल्या भाचीला, ग्रिझेलला, तिनंच वाढवलं होतं, आणि आता ग्रिझेलला मुलगी झाली होती. नावही ठरलं होतं, बेथिया.

पहिल्या बुधवारी एफी विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसली. मास्तरांनी सांगितलं की हा शब्द फ्रान्सहून आला, आणि चारशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता धर्ममाता. मोठमोठ्या उमरावांच्या पोरांनाही किमर लागे. दुसऱ्या दिवशी खाटकानं एफीला मांसाचा चांगला तुकडा काढून दिला, आणि बँक मॅनेजरची बायको मिसेस अ‍ॅलर्डाइस रस्त्यात थांबून मान लववून गेली. एफीला ते आवडलं नाही असं म्हणणं खोटं होईल. रविवारची टोपी ती आडवारीही घालू लागली.

दुसऱ्या बुधवारी शब्द घसरला. धर्ममातेची मैत्रीण झाली आणि मैत्रिणीची चकाट्या पिटणारी बाई. त्यानंतर एफी पाववाल्याच्या दुकानात शिरली की बायका एकदम गप्प होत, जणू तोवर त्या तिथे प्रार्थनाच म्हणत होत्या.

तिसऱ्या बुधवारी सभागृहात बसायला जागा उरली नाही. मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं की पुढेपुढे जुन्या खटल्यांत किमर हा शब्द चेटकिणीलाही लावलेला सापडतो.

आमच्या कोळ्यांची एक रीत आहे. समोर अशुभ काही आलं की गार लोखंडाला हात लावायचा. बोटीवर डुकराचं नाव निघालं तरी लावायचा, पाद्र्याचं निघालं तरी लावायचा. गुरुवारपासून त्या रांगेत एफी जाऊन बसली. ती धक्क्यावरून गेली की दोन्हीकडची माणसं नांगर, साखळ्या, खिळे, जे हाताला लागेल ते धरत. विचारलं तर प्रत्येक जण म्हणे, आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण हात लावायला काय जातं.

शनिवारी ग्रिझेलच्या सासूबाई, म्हणजे गॉवन्सबाई, एफीकडे आल्या. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी होता.

"तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, एफी," त्या म्हणाल्या. "पण आमची बोट आहे. बाळाला मिसेस अ‍ॅलर्डाइस नेतील."

"तुझ्या डेव्हीला, या बाळाच्या बापाला, मीच नेलं होतं. आज तोच त्या बोटीचा कप्तान आहे ना?"

"तेव्हा आम्हाला अर्थ माहीत नव्हता."

ग्रिझेलच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं सासूला शांतपणे सांगितलं की मावशीनं नेलं तर बाळ जाईल, नाहीतर पाद्रीबाबांनी पाणी घेऊन घरी यावं. रात्रीपर्यंत वाद झाला आणि एक तोड निघाली.

गावाची जुनी रीत अशी, की मुलीला बाप्तिस्म्याला नेताना वाटेत जो पहिला पुरुष भेटेल, त्याच्या हातात पाव-चीजचं पुडकं द्यायचं, आत चांदीचं एक नाणं. त्यानं ते घ्यायचं आणि बाळाबरोबर थोडं चालायचं. तोवर बाळ चर्चचा उंबरा ओलांडत नाही. त्या पुरुषानं एफीच्या हातून पुडकं घेतलं आणि तो चालला, तर बाळ तिच्याकडे राहणार. नाही म्हणाला, तर तिथल्या तिथे मिसेस अ‍ॅलर्डाइसकडे.

रविवारी सकाळी एफी बेथियाला शालीत गुंडाळून निघाली, मागून ग्रिझेल, गॉवन्सबाई, आणि पांढरे हातमोजे घालून मिसेस अ‍ॅलर्डाइस. रस्त्यावर एकही पुरुष नव्हता. खिडक्यांचे पडदे मात्र सगळे हलत होते. पहिला पुरुष व्हायला नको म्हणून गावातले यच्चयावत पुरुष घरात दडून बसले होते, वादळात बोट हाकणारेसुद्धा. बायांनी बंदराला एक वळसा घातला, मग दुसरा. चर्चची घंटा वाजून थांबली.

बँकेच्या कोपऱ्यावर मात्र लम्सडेन मास्तर उभे होते. ही रीत प्रत्यक्ष बघावी म्हणून ते मुद्दाम आले होते. एफीनं पुडकं पुढे केलं.

"मी फक्त बघायला आलोय," मास्तर म्हणाले. "अभ्यास म्हणून."

"बघा की. पण हात रिकामा आहे ना?"

मास्तरांनी उजवा हात पुढे करून पुडकं घेतलं. डावा हात मागे होता, आणि त्यात बँकेच्या लोखंडी कुंपणाचा गज घट्ट धरलेला होता.

"मास्तर, ते लोखंड कशाला धरलंय?" ग्रिझेलनं विचारलं.

"तोल सांभाळायला."

एका खिडकीतून कोणीतरी फिसकन हसलं. रीतीप्रमाणे चालायचं म्हणून मास्तर चालू लागले, पण आडवे, खेकड्यासारखे, एकेक गज बदलत. गावातली बाकीची कुंपणं लढाईच्या वेळी सरकारनं वितळवायला नेली होती, उरलं होतं ते बँकेपुरतं. शेवटच्या गजाशी मास्तर थबकले. चर्च अजून पुढे होतं. मिसेस अ‍ॅलर्डाइसचे हातमोजे एफीच्या कोपराशी आले.

"मास्तर," एफी हळूच म्हणाली, "तीन बुधवार मी तुमचं मुकाट ऐकलं. आता चार पावलं माझ्यासाठी चाला. हे बाळ मला पुन्हा मिळायचं नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी गज सोडला आणि ते चालले, अगदी सरळ, पाव छातीशी धरून. काहीही झालं नाही. बेथिया शिंकली, एवढंच.

मग दारं उघडली आणि पुरुष बाहेर आले, कारण दुसरा पुरुष व्हायला कोणाचीच हरकत नव्हती. गॉवन्सबाई पुढे झाल्या आणि त्यांनी चर्चचं दार स्वतः उघडून धरलं. एफीनं बाळ आत नेलं.

मास्तरांनी पुढे त्या शब्दावर एक छोटं पुस्तक छापलं. त्यात तिन्ही बुधवार आहेत, तो रविवार नाही. म्हातारपणी ते बहिणीबरोबर पर्थला गेले आणि तिथेच वारले. मिसेस अ‍ॅलर्डाइस नवऱ्याच्या बदलीबरोबर एडिनबराला गेल्या. गॉवन्सबाईंनी बोट विकली, पण मरेपर्यंत म्हणत राहिल्या की आपल्याला एफीबद्दल कधी शंका नव्हती. ग्रिझेल आणि डेव्ही कॅनडाला गेले. बेथिया तिकडे शाळेत शिकवते. एफी १९६६ च्या मार्चमध्ये गेली. तिची शवपेटी खांद्यावर घ्यायला इतके पुरुष आले की पाद्रीबाबांना पाळ्या लावाव्या लागल्या.

आता पिटार्डीत बाळं मोटारीतून चर्चला येतात. वाटेत त्यांना कोणी भेटत नाही.