दोन बाटल्या, निम्मी निम्मी

हृदयाच्या वॉर्डात मुलांची शाळा बुडते, म्हणून मी तिथे शिकवायला जातो. ठमी पहिलीतली, हृदयाला भोक घेऊनच जन्मलेली. ही गोष्ट तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. शेजारच्या खाटेवर दोन वर्षांचा गोट्या. त्याचा नंबर तिच्यानंतर.

दोघं डॉक्टरांच्या एका अभ्यासात होती. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरवतात, तेव्हा शरीरातलं एक अमिनो आम्ल कमी पडतं. ते आधीपासून पाजलं तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. काही मुलांच्या बाटलीत खरी पूड, काहींच्या बाटलीत नुसतंच चवीचं पाणी. कोणाला काय, हे औषधं बनवणाऱ्यालाच ठाऊक, डॉक्टरांनाही नाही.

मी ठमीला माळ ओवायला दिली होती.

"हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ओवले की प्रथिन झालं. काही मणी मात्र माळेत जातच नाहीत. सुटे राहून काम करतात."

"माझ्या बाटलीत सुटे मणी आहेत, आजोबा?"

"असतीलही."

"आहेतच. पण आता निम्मे. निम्मे गोट्याला दिले."

"गप गं, चोंबडी!" ठमीची आई ओरडली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ठमीच्या बाटलीच्या तळाशी साका राहायचा, गोट्याची बाटली अगदी नितळ. म्हणजे खरं औषध ठमीलाच, असं दोघी आयांनी ठरवून टाकलं.

"माझ्या पोरीला औषध आणि शेजारच्या लेकराला पाणी? घास उतरेना मला," ठमीची आई म्हणाली. "म्हणून कालपासून दोन्ही बाटल्या जगमध्ये ओततो, ढवळतो आणि निम्मं निम्मं करतो."

"चोरी थोडीच केली?" गोट्याची आई म्हणाली. "वाटूनच घेतलं."

"मनाने चांगलंच केलंत," मी म्हणालो, "पण माप मुलाच्या वजनावर असतं. गोट्याचं वजन ठमीच्या जेमतेम निम्मं. तिला कमी गेलं असेल, त्याला जास्त. डॉक्टरांना सांगायला हवं."

ठमीच्या आईचे डोळे भरले. "सांगितलं की ऑपरेशन ढकलतील. मागे सर्दीने ढकललं, त्याआधी तापाने. जिना चढताना ओठ निळे पडतात हो तिचे. तुम्ही काही बोलू नका, पाया पडते तुमच्या."

"आत्ता भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई येतील. तुम्हीच सांगा. नाही सांगितलंत, तर मात्र मला बोलावं लागेल."

बाई आल्या. ठमीचा घसा पाहिला, छाती तपासली. आई पदराचं टोक पिळत उभी. बाई वळल्या, दारापर्यंत पोचल्या.

"डॉक्टर, थांबा," आई म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणखी काही?"

"सकाळी माझ्या बशीतलं अर्धं बिस्कीट खाल्लंय तिने."

"ते चालतं. उद्या सकाळी मात्र काही द्यायचं नाही," बाई हसू दाबत म्हणाल्या. "दोघांचंही रक्त तपासायला पाठवते. मग बघू."

रिपोर्ट येईपर्यंत दोघी आया एकाच बाकावर बसल्या.

बाई परत आल्या त्या हातात कागद घेऊन. "दोघांचंही ठीक आहे. ऑपरेशनं ठरल्याप्रमाणेच होतील. पण अभ्यासातून दोघं बाद. बाटल्या आजपासून बंद."

"बाद तर बाद," ठमीची आई म्हणाली. "खरी कोणाची होती, तेवढं सांगा."

"मलाच माहीत नाही. आणि साका चवीसाठी घातलेल्या पुडीचाही बसतो. त्यावरून काही कळत नाही."

"म्हणजे आपण पाण्यात पाणी वाटत होतो की काय?" गोट्याची आई म्हणाली, आणि दोघींना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जन बाहेर आले. ठमीच्या हृदयाचं भोक बुजवलं होतं, फुप्फुसं नीट चालली होती. ठमीची आई भिंतीला टेकून खाली बसली. गोट्याची आई तिच्यासाठी पाणी घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"पी आधी. परवा माझा गोट्या आत असेल, तेव्हा तू इथून हलायचं नाहीस."

"हलते कशाला?" ठमीची आई म्हणाली.