सोबतीचा दिवस

पायल आठवीत असताना तिच्या आईची, बेबीनंदाची, झोप उडाली. ती एकटीच कुणाशी तरी भांडायची, हातात दिलेल्या पाण्याकडेही संशयाने बघायची. वडील ऊसतोडीला लांब गेलेले. शेवटी शेजारच्या द्वारकाबाईंनी तिला एसटीने तीर्थपुरीहून जालन्याला नेलं, मोठ्या दवाखान्यात दाखवलं. गोळ्या लागू पडल्या. पुढे दर महिन्याला आपली मजुरी बुडवून द्वारकाबाईच सोबत जात राहिल्या. पायलची शाळा त्यांनी बुडू दिली नाही.

तीच पायल आता पुण्यात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. गोळ्या फुकट असूनही मानसिक आजाराचे लोक उपचार मध्येच का सोडतात, हे शोधत ती घनसावंगी तालुक्यात घरोघर फिरली. बहुतेक घरांत एकच उत्तर मिळालं: दवाखाना लांब आणि सोबतीला माणूस नाही. सरकारी खर्चात गोळी धरलेली होती, सोबत्याचा बुडालेला दिवस कुठेच नव्हता.

जिल्ह्याच्या बैठकीत तिने हे मांडलं.

"डॉक्टर मोजकेच आहेत. गावोगाव कसे पाठवायचे?" एका अधिकाऱ्यांनी विचारलं.

"गावोगाव नको, सर. महिन्यातून एकदा तीर्थपुरीला. एक डॉक्टर इकडे आले तर कितीतरी घरांचा दिवस वाचेल."

बरीच चर्चा झाली आणि वर्षभर करून बघायचं ठरलं.

पहिल्या तपासणीच्या सकाळी द्वारकाबाई नेहमीसारख्या दारात हजर.

"अक्का, आता कामाला जा. दवाखाना इथंच आलाय," बेबीनंदा म्हणाली.

"कामाला उद्या जाईन. चाल जल्दी."

तपासणीसाठी गावी आलेल्या पायलला राहवलं नाही. ती त्यांच्या पाया पडली. "मावशी, तुम्ही नसत्या तर मी काहीच शिकले नसते. तुमचे किती दिवस बुडाले!"

द्वारकाबाई संकोचल्या. "बुडाले काय म्हणती? घरी मह्याशी बोलायला कोण होतं? गाडीत तुही आई अन् मी पोटभर बोलायचो. मी तर वाट बघायची त्या दिवसाची."

हे तर घरोघर फिरताना पायलने कुणाला विचारलंच नव्हतं.

"मंग आता संध्याकाळी येत जा," बेबीनंदा हसून म्हणाली. "रोज."

आरोग्य केंद्रात एक तरुण बाई आजारी नवऱ्याला घेऊन भेदरून उभी होती. बेबीनंदा बाकावर सरकली. "बस इथं," ती म्हणाली. "मला बी असंच आणलं होतं. बरं वाटतं, बिलकुल भिऊ नको."