बँडेजमधले घुंगरू

मित्रांनो, मी घुंगरांचा एक जुना जोड आहे. सध्या ओमानमधल्या सीबला, एका फ्लॅटच्या कपाटात असतो. तंजावरच्या कारागिराने मला चामड्याच्या पट्ट्यांवर शिवलं आणि मी कलावती मॅडमच्या पायी आलो.

मॅडम भरतनाट्यम करत आणि मद्रासच्या सिनेमांत कामही करत. चाळीस सिनेमांत मी त्यांच्या पायांत होतो. पण थिएटरात ऐकू आला तो आवाज माझा नव्हे! शूटिंगला गाणं भोंग्यावर वाजे, मला कोण विचारतो? घुंगरांचा आवाज मागाहून स्टुडिओत भरत, तोही दुसऱ्याच जोडाचा. नाचायचं मी आणि वाजायचं त्याने! फार लागायचं मला ते.

पुढे नव्या नट्या आल्या, मॅडमना कामं मिळेनाशी झाली. मुलाच्या नोकरीपायी त्या इथे आल्या आणि घरीच मुलींना शिकवू लागल्या. पूर्वा त्यांची सगळ्यांत लाडकी. पण गुरूने आपल्या हाताने दिल्याशिवाय घुंगरू बांधायचे नाहीत, ही त्यांची रीत. सहा वर्षं पूर्वा माझ्याविना नाचली. मॅडम मला पुसताना त्यांच्या तमिळमध्ये म्हणत, "नाचताना माझं सगळं लक्ष तालात. समोर बसून तुला कधी ऐकलंच नाही रे. पूर्वा बांधेल, तेव्हा ऐकेन."

यंदा मॅडम अंथरुणाला खिळल्या. वाचाही गेली. एका शुक्रवारी त्यांनी खुणेने मला मागवलं, डोळ्यांना लावलं आणि पूर्वाच्या ओंजळीत ठेवलं. मी हरखलो.

बाहेरच्या खोलीत पूर्वा मला पायांत बांधणार, तोच तिच्या आईने, नयनाताईंनी, तिला थांबवलं. "आधी पट्ट्यांवर क्रेप बँडेज गुंडाळ, मग बांध गं. त्रास होईल मॅडमना."

"पण आई, मग साउंड कसा येणार?"

"नुसती पावलं बघू देत. आजारी माणसाला शांतता लागते."

पूर्वा सुरेख नाचली. मी आतल्या आत गुदमरलो. मॅडमनी कष्टाने हात उचलून कानाला लावला.

"म्युझिक लाउड होतंय त्यांना," म्हणत नयनाताईंनी मोबाइलवरचं गाणंही बंद केलं. मॅडमनी पुन्हा कानाला हात लावला. मग डोळे मिटून घेतले.

रविवारी त्या गेल्या.

त्या रात्री घरी पूर्वाने मला पिशवीतून काढून माझ्यावरचं बँडेज सोडलं आणि मी खळ्‌कन वाजलो. ती दचकली. "आई, त्या हेच मागत होत्या!" नयनाताईंनी आपलाच हात कानाला लावून पाहिला. त्यांची माया खोटी नव्हती, मित्रांनो. म्हणूनच रागावू तरी कुणावर?

आम्हां जुन्या वस्तूंना जपा, पण गुंडाळून ठेवू नका. आणि आजारी माणसाने कानाला हात लावला, तर गाणं बंद करण्याआधी एकदा विचारा, "काय ऐकायचंय तुम्हाला?"