आत्या उठेना

अरे ऐका ना, मध्ये बोलू नका, नाहीतर माझा गोंधळ होतो. आमचे बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. तिथे आगीचा सराव घेतात, तसाच घरी पुराचा! नदीवरचा पूल बुडला की आमची वस्ती बेटच होते ना. शिट्टी वाजली की आईनं गॅस बंद करायचा, दादानं कागदपत्रांची पिशवी उचलायची, आणि मी आत्याला बाहेर आणायचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गुडघ्यांनी बेजार. बरं, आम्ही निवांत निघतो म्हणून बाबा मुद्दाम ओरडायचे, "सराव नाही, खरंच पाणी आलंय!" आम्ही धापा टाकत बाहेर, आणि हे घड्याळ बघत हसताहेत! एका महिन्यात तीनदा. तिसऱ्यांदा तर आत्या एकाच पायात चप्पल घालून फाटकापर्यंत गेली बिचारी.

आणि गेल्या आठवड्यात, भरदुपारी, पुन्हा शिट्टी. धरणाचे दरवाजे खरंच उघडले होते. शेजारचा टेम्पोवाला गाडी चालू ठेवून बोंबलत होता, "दहा मिनिटांत पूल बंद करताहेत, चला!" आई, दादा चढलेसुद्धा. आत्या मात्र पलंगावर आडवी.

"पळा तुम्ही. आल्यावर चहा टाका."

"आत्या, खरंच गं! देवाशपथ!"

"मागच्या वेळीही देवाशपथच म्हणालीस."

म्हणाले होतेच की! बाबांनीच म्हणायला लावलं होतं. हात ओढला, तर तिनं पलंगाची कड घट्ट धरली. पाणी दाखवावं म्हटलं, तर खिडकीतून दिसणार काय, शेजारची भिंत.

बाबा धावत आले. "ताई, ऊठ. सराव नाही."

"तुझ्या 'सराव नाही'ला मी आता भीक घालत नाही."

बाहेर टेम्पोचा भोंगा. "सात मिनिटं!"

सगळ्यांना सूचना देणारे बाबा तिच्या पायाशी खालीच बसले. "ताई, मी खोटं बोललो. तिन्ही वेळा. आज नाही बोलत. मला भीती वाटतेय गं."

आत्यानं त्यांचा हात धरून पाहिला. "गार पडलायस की रे बाळ्या," म्हणाली आणि ताडकन उठायला गेली. गुडघा अडकला. बाबांनी तिला सरळ पाठीवर घेतलं. मी मागून तिचे पाय धरून पळतेय, रडतेय, काय करतेय मलाच कळत नव्हतं.

पुलावर पाणी चाकांना लागत होतं. आम्ही पलीकडे उतरलो आणि मागे वळून बघतो तर पोलिसांनी दोरी बांधलेली.

चार दिवस शाळेच्या वर्गात काढले. काल बाबा आले, म्हणाले, "पाणी ओसरलं, चला घरी."

आत्या बाकावरून हललीच नाही. म्हणाली, "आधी टेम्पोवाल्याला बोलव. तो म्हणू दे."

बाबा गेले गुपचूप त्याला बोलवायला.