तीन दहाची गाडी

यशवंतरावांचं गॅरेज पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागे आहे. तिथे येणाऱ्या पोरांना दोनच गोष्टी हव्या असतात. गाडी पळावी आणि बापाला कळू नये. म्हणून त्या दुपारी प्रज्ञाने आपली जुनी छोटी स्कूटर स्टँडला लावली आणि "काका, हिचा स्पीड वाढवून द्या" म्हटलं, तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग स्कूटरकडे पाहिलं.

"काहून? शाळेतल्या पोट्ट्यायसंगं शर्यत लावली काय, मास्तरीणबाई?"

"नाही. वाढतो का, ते सांगा."

"वाढते ना. पण किती, ते आधी ऐकून घ्या, मंग माह्या नावानं बोंबलायचं नाही." त्यांनी पाना फडक्याने पुसायला घेतला. "सायलेन्सर बदलला तं आवाज वाढते. गाडी तेवढीच चालते, लोकायले फक्त वाटते का विमान आलं. सिलिंडरचा बोअर मोठा केला तं चढावर जरा दम येते. पण इंजन तापते, पेट्रोल पिते, अन् पिस्टन धरला तं भर रस्त्यात चाक जाम. समजा, सगळं केलं. दहा-बारानं वाढन. ब्रेक मात्र तेच, चाकं तेच इवलेसे. पळवाची सोय मी करून देतो, थांबवाची कोन करन?"

"दहा-बाराने वाढला, तर सौंसरला किती मिनिटं आधी पोचेन?"

फडकं थांबलं. काटा कुठवर जाईल, हे त्यांना रोज कोणी ना कोणी विचारत असे. मिनिटांत कोणी विचारलं नव्हतं.

"किती पाहिजेत?"

"अकरा."

यशवंतरावांनी पाना खाली ठेवला. अकरा मिनिटं कसली, हे त्यांना माहीत होतं. जानेवारीत उत्तमराव गेले, तेव्हा तेही सौंसरला मातीला होते. उत्तमराव म्हणजे प्रज्ञाचे वडील. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावर एकोणतीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली. दवाखान्याने हात टेकून त्यांना घरी पाठवलं, त्याला तेव्हा महिना होत आला होता. त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "बाबांना जरा बरं वाटून नाही राहिलं, तू निवांत ये." त्या घराचा तसा नेमच होता, गाडी चालवणाऱ्याला खरं सांगायचं नाही. पण आवाज काही लपत नाही. प्रज्ञा दोन दहाला शाळेतून निघाली. मूठ पिळून पिळून मनगट दुखायला लागलं, तरी काटा बेचाळीसच्या पुढे सरकला नाही. तीन दहाला ती दारात उभी राहिली. बाबा दोन एकोणसाठला गेले होते.

तेव्हापासून सातवीच्या वर्गात फळ्यावर अंतर, वेळ, वेग लिहिलं की तिचा हात अडे. मुलं वाट पाहत. एकदा तर तिने पाठ वळवून खडूच बदलला, तुटलेला नसताना.

"मी इथे खोलीवर, आता आई एकटी आहे तिकडे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी उशीर नको व्हायला."

"बसा जरा," यशवंतराव म्हणाले आणि स्वतःच खाली बसले. डाव्या बाजूचं झाकण उघडायला त्यांनी फार वेळ लावला. स्क्रू थोडेच होते, हात सरावाचे होते, पण प्रत्येक स्क्रू काढून ते तो ताटलीत नीट ठेवत होते. पट्टा उतरवला, पुली मोकळी केली आणि आतून एक जाडसर लोखंडी वायसर काढून तळहातावर धरला.

"हे कंपनीचं नाही, पोरी."

प्रज्ञाला काही समजलं नाही.

"हे असलं म्हणजे पुली पुरी मिटत नाही. पट्टा वर चढत नाही. कितीही पिळा, बेचाळीसवर गाडी अडते." ते तिच्याकडे न पाहता बोलत राहिले. "तुम्हाले नोकरी लागली ना, त्या वर्षी उत्तमभाऊ गाडी घेऊन आले. म्हणे, पोरगी एकटी येनं-जानं करून राहिली, माह्या बसच्या पुढं निघाली नाही पाहिजे. तिले सांगू नको. मी माह्या हातानं बसवला. तुमचं ते तीन दहाचं ऐकलं, तवापासून तुम्ही रस्त्यानं दिसल्या का मी दुकानात शिरून जातो."

ते खरं होतं. दोन महिने ते तिला दिसले नव्हते. तिला वाटलं होतं, कामात असतील.

वायसर तिने हातात घेतला. थंड, तेलकट, कडेला घासून चकचकीत झालेला. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि राग काढायला समोर कोणी नव्हतं, हे लक्षात आल्यावर तर अधिकच आला.

"बाकी काही नका करू," यशवंतराव म्हणाले. "एवढा काढून टाकतो. उद्या रविवार हाय. त्याच टायमाले निघा, त्याच रस्त्यानं जा. अन् पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी ती बरोबर दोन दहाला शाळेच्या फाटकापासून निघाली. गावाबाहेरच्या सरळ पट्ट्यात काटा बेचाळीसवर अडला नाही, पन्नास झाले, अठ्ठावन्न झाले. हँडल थरथरायला लागलं. नऊ वर्षांत या गाडीवर तिला कधी भीती वाटली नव्हती, ती आज वाटली. तरी तिने मूठ सोडली नाही. मग संत्र्यांचा ट्रक पुढे आला. तो ओलांडता येईपर्यंत वळणं सुरू झाली. मोहगावला गतिरोधक, गतिरोधकानंतर म्हशी, म्हशींनंतर एक ट्रॅक्टर, ज्याला कसलीच घाई नव्हती.

सौंसरच्या घरासमोर तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून चार मिनिटं. वाचली होती सहा.

आई, शोभाबाई, ओट्यावर डाळ निवडत बसली होती. "आज लवकर आली?"

प्रज्ञाने पर्समधून वायसर काढून सुपाच्या कडेला ठेवला. शोभाबाईंनी तो पाहिला आणि पुन्हा डाळीत हात घातला.

"तुला ठाऊक होतं?"

"त्यायनं शपथ घातली होती. मी काय करू?"

"तो नसता तरी पोचले नसते, आई. सहाच मिनिटं वाचतात."

"कुठं पोचली नसती?"

"वेळेवर."

शोभाबाईंचा हात थांबला. "काय बोलून राहिली तू? तुला फोन केला अन् त्यायनं पडल्या पडल्या विचारलं, किती वाजता निघाली? म्हनलं, दोन दहाले. तं म्हणे, तीन दहाले पोरगी दारात राहीन. तू पोहे भिजव. मी म्हनलं, बाप पडला हाय, पळवत येईन पोरगी, आधीच येईन. तं हसले. नाही येत म्हणे, मी बंदोबस्त करून ठेवला." त्यांनी पदराने हात पुसले. "मंग घड्याळाकडं पाहिलं नाही त्यायनं. मीच पाहत होती."

"आणखी काय म्हणाले?"

"पानी मागितलं. दोन घोट घेतले. बस."

दारावरून एक सायकल गेली. बाबांना तिची वाट पाहावी लागली असेल, दाराकडे डोळे लागले असतील, हे प्रज्ञाने इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते घडलेलंच वाटत होतं. पण ते नुसतं वेळापत्रक सांगून निश्चिंत झाले होते. आणि ती त्यांनी सांगितलेल्या मिनिटालाच आली होती.

"त्या दिवशीचे पोहे तसेच राहिले," शोभाबाई म्हणाल्या. "लगदा झाला होता. भिजवू काय आता?"

"भिजव," प्रज्ञा म्हणाली. मग ती आत गेली, आणि आईने बराच वेळ तिला हाक मारली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती गॅरेजवर गेली. यशवंतराव तिला पाहून उठून उभे राहिले. आत शिरले नाहीत.

"सहा मिनिटं, काका."

"मले वाटलंच होतं, पाच-सात. रस्ता काही आपल्या गाडीचं आयकत नाही." त्यांनी अंदाज घेत विचारलं, "मंग? बोअर पाहिजे काय?"

तिने वायसर पुढे केला. "हा परत बसवा."

"झिजला हाय थोडा. नवा बनवून देतो."

"जुनाच बसवा. झिजल्याने किती फरक पडेल?"

"दोनाचा. काटा चव्वेचाळीसवर जाईन." ते खाली वाकले, मागच्या चाकाचा ब्रेक दाबून पाहिला आणि मान हलवली. "हे शू बदलाले झाले, बाई. परवापासून स्पीडचं विचारून राहिल्या, ब्रेकचं कोनी विचारत नाही. आधी हे करतो. बसा अर्धा तास."

ती बाकावर बसली. आईला फोन करून तिने सांगितलं की आज मुक्कामाला येते, पण निघायला उशीर होईल, साडेपाचला निघते, साडेसहाला दारात राहीन.